आषाढात बिघडलेलं फडताळ: शिवाजी पेठेतल्या एका घराची बेगमी

घर कोल्हापुरातलं, जुन्या बांधणीचं. दगडमातीच्या जाड भिंती, पश्चिमेला स्वयंपाकघर आणि त्याच पश्चिमेच्या भिंतीत खोल फडताळ. खाणारी माणसं पाच. वर्षाची बेगमी उन्हाळ्यात भरून ठेवायची पद्धत या घरात अजून चालू आहे. एप्रिलात 3 किलो मिरचीची कांदा-लसूण चटणी, मार्केट यार्डातून आणलेला 10 किलोचा गुळाचा रवा (म्हणजे ढेप), लक्ष्मीपुरीतून तांदळाचं पोतं, 10 किलो तूरडाळ, 20 किलो ज्वारी असा सगळा माल भरला होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं एकदमच हाताबाहेर गेलं. चटणीच्या बरणीत वर पांढरट-हिरवी बुरशी दिसली. गूळ फडक्यातून पाझरून फळीवर काकवीसारखा ओघळला. तांदळात सोंडकिडे, डाळीत भुंगे. कोथिंबिरीची जुडी तिसऱ्या दिवशी काळी आणि रविवारचा रस्सा सोमवारी दुपारी आंबूस. घरच्यांनी ज्याचा त्याचा दोष ज्याला त्याला वाटून टाकला: मिरची ओली दिली, गुळात साखर घातली, डाळ जुनी होती, फ्रिज म्हातारा झाला. नवा माल भरायची यादीही तयार झाली होती.

एकाच घाण्याच्या दोन बरण्या

दुकानदारावरचा आळ खोटा ठरवणारा पुरावा घरातच होता. डंकावर एकाच दिवशी, एकाच घाण्यात कुटलेली चटणी दोन बरण्यांत भरली होती. माळ्यावरची बरणी गळ्यापर्यंत भरलेली, दादरा बांधलेली, एप्रिलपासून न उघडलेली. ती उत्तम होती, रंगही तसाच लाल. बुरशी आली ती फडताळातल्या रोजच्या बरणीला, तीही अर्धी रिकामी झाल्यावर. मिरची तीच, डंक तोच. फरक होता तो जागेचा आणि उघडझाकीचा.

तीन-चारशे रुपयांत मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रतामापक घरात फिरवला. मधल्या खोलीत 76 टक्के, स्वयंपाकघरात सकाळी 84, कुकर आणि भाताचं आधण चालू असताना 90 च्या वर, फडताळात दिवसभर 88. तापमान मात्र कुठेच 27 अंशांवर गेलं नाही. कोल्हापूरचा पावसाळा थंडच असतो. जुलैत इथे माल बिघडवते ती ओल, आणि म्हणून उन्हाळ्यात उपयोगी पडलेल्या युक्त्या आषाढात उलटतात.

फडताळाची भिंत ओली आहे की नुसती हवाच दमट आहे, हे बघायला फूटभर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून एक दिवस ठेवला. दुसऱ्या दिवशी थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला होते. म्हणजे पावसाचं पाणी भिंतीतून आत झिरपत होतं. (थेंब फक्त बाहेरच्या बाजूला आले असते तर दोष खोलीतल्या हवेचा.) अशा फडताळात घट्ट झाकणाचा डबासुद्धा उघडताना ओलीच हवा आत घेतो.

चटणी

जास्त नुकसान इथे झालं, म्हणून जरा खोलात जाऊ.

या घराचं प्रमाण पेठेतल्या बहुतेक घरांसारखंच. किलोभर मिरचीला (निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी) अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो खडेमीठ, शिवाय तीळ, धणे, खडा मसाला. ताज्या कांद्यात साधारण 86 ते 88 टक्के पाणी असतं, लसणात 60 टक्क्यांच्या आसपास. 3 किलो मिरचीला दीड किलो कांदा म्हणजे जवळजवळ 1.3 लिटर पाणी, आणि पाऊण किलो लसणाचं आणखी साडेचारशे मिली. हे पाणी डंकावर जाण्याआधी बाहेर पडलं नाही तर चटणीतच राहतं. हाताला ओलं लागत नाही, कारण मिरची आणि खोबरं ते शोषून बसतात.

या घरात कांदा उभा चिरून एकच दिवस वाळवला होता, नंतर तेलात लालसर होईपर्यंत तळला होता. लालसर कांदा मधून मऊ असू शकतो. कसोटी रंगाची नाही, आवाजाची: थंड झालेली पाकळी बोटांत धरली की कट्कन मोडली पाहिजे, वाकता कामा नये. त्यासाठी कांदा अगदी पातळ चिरून दोन कडक उन्हं द्यावीत, मग बेताबेताने तळावा. एका वेळी कढईत जास्त टाकला की तो तळला न जाता शिजतो. लसूण सोलून दिवसभर पसरून ठेवावा आणि कडा सोनेरी होईपर्यंत परतावा. कच्चा लसूण घातलेल्या चटणीला वास छान येतो हे खरं, पण तशी चटणी महिनाभरात संपेल एवढीच करावी. वर्षाच्या बरणीत तो लाड परवडत नाही.

तरीही माळ्यावरची बरणी टिकलीच की. थोडं पाणी राहूनही ती टिकली, कारण मीठ आणि तेल त्या पाण्याला धरून होते. फडताळातल्या बरणीचं बिनसलं ते मिठामुळेच. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. एप्रिलातली दुपारची हवा चाळीस टक्क्यांच्या आत-बाहेर असते, तेव्हा तेच मीठ चटणी कोरडी ठेवतं. जुलैत 88 टक्क्यांच्या फडताळात दिवसातून तीन वेळा बरणी उघडली की मीठ प्रत्येक वेळी घोटभर ओल घेतं. ती साठते वरच्या दोन बोटांच्या थरात, आणि बुरशी नेमकी तिथेच धरते.

चटणीवर मिठाचा जाड थर द्यायचा, ही युक्ती म्हणून जपून वापरायची. न उघडणाऱ्या, गळ्यापर्यंत भरलेल्या बरणीवर ती चालते. रोजच्या बरणीवर आषाढात तोच थर पाझरतो आणि खाली ओल सोडतो. हिंगाच्या खड्याने वास येतो, किडे कदाचित लांब राहतात, पण पाण्याचं तो काही करू शकत नाही.

बुरशी आलेल्या बरणीतला वरचा थर काढून खालची चटणी वापरायचं घरात ठरत होतं. तसं करू नये. भुकटीत बुरशीचे धागे डोळ्याला दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करतात, आणि ते फोडणीत, उकळीत किंवा उन्हात नष्ट होत नाही. जवळपास दीड किलो चटणी फेकून द्यावी लागली. काटकसर करायची ती बरणी भरताना.

माळ्यावरची चटणी मग अशी वाटली. लोणच्याच्या, मधाच्या, जॅमच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या घरात होत्याच. त्या गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन, झाकणं सुटी करून, गॅसजवळ पूर्ण कोरड्या केल्या. झाकणाच्या आतलं रबर फाटलेल्या बाटल्या बाजूला काढल्या. प्रत्येकीत साधारण पाव किलो चटणी दाबून गळ्यापर्यंत भरली, मध्ये हवा राहू दिली नाही. एक बाटली वापरात, एक मधल्या खोलीत, उरलेल्या फ्रीझरमध्ये. फ्रीझरमध्ये रंग टिकतो हा वरचा फायदा.

इथे एक चूक हमखास होते. थंड बाटली बाहेर काढून लगेच उघडली की दमट हवेतलं पाणी थेट चटणीवर जमतं, म्हणजे फ्रीझरमध्ये ठेवून जे वाचवलं ते दोन मिनिटांत जातं. बाटली रात्री बाहेर काढून ठेवावी, सकाळी काचेवरचा घाम पुसावा आणि मगच झाकण उघडावं. चमचा चटणीचा वेगळा, कोरडा. कढईच्या वाफेवर बाटली धरून थेट चटणी झटकायची सवय तर मोडायलाच हवी.

गूळ

गुळातली साखर सगळी स्फटिकाची नसते. काही भाग ग्लुकोज-फ्रुक्टोजचा असतो आणि सोबत क्षारही असतात. हे मिश्रण मिठापेक्षाही कमी आर्द्रतेला पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गूळ चटणीच्या आधी घाम सोडतो. साखर मिसळल्यामुळे गूळ पाझरला, हा घरच्यांचा तर्क उलटा आहे: साखर पाझरायला जास्त दमट हवा लागते.

रवा आख्खा ठेवणं एका अर्थाने बरोबरच, कारण आख्ख्या रव्याला हवा लागते ती फक्त वरून. या घरात तो एका बाजूने फोडून खायला सुरुवात झाली होती आणि उरलेला फडक्यात गुंडाळलेला. सुती फडकं ओल अडवत नाही, उलट धरून ठेवतं. मे संपायच्या आत, हवा कोरडी असताना, रवा अर्ध्या-अर्ध्या किलोच्या खड्यांत फोडायचा. प्रत्येक खडा बटर पेपरात, मग जाड पिशवीत हवा दाबून काढून बांधायचा. सगळे खडे स्टीलच्या डब्यात, झाकणाच्या फटीवर रुंद चिकटपट्टी. वापरातला गूळ अर्ध्या किलोपेक्षा जास्त ठेवायचा नाही.

डबा खरंच घट्ट आहे का? रिकामा डबा बंद करून बादलीत दाबून धरावा. बुडबुडे आले तर फट आहे. घरातल्या सहा स्टीलच्या डब्यांपैकी दोनच या परीक्षेत टिकले, बाकीच्यांची झाकणं दिसायला घट्ट होती एवढंच. टिकलेल्या दोन्हींत गूळ आणि रवा-मैदा गेला, गळके डबे कांदे-बटाट्यांना दिले.

पाझरलेला गूळ जुलैत उन्हाला ठेवण्यात अर्थ नाही, ढगाळ हवेत तो आणखी ओला होतो. आंबूस वास नव्हता, फेस नव्हता, म्हणून तो कपभर पाण्यात विरघळवून, गाळून, जाड तार येईपर्यंत उकळला आणि बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला. कापण्या, लापशी, चहा यांत तो महिनाभरात संपला. फेस किंवा ताडीसारखा वास आला असता तर टाकून देण्यावाचून इलाज नव्हता.

तांदूळ, डाळ, ज्वारी

सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवतो. अळी दाण्याच्या आतच मोठी होते. उबदार, दमट दिवसांत महिन्याभरात नवी पिढी बाहेर येते. म्हणजे जुलैत दिसलेले किडे हे एप्रिलात पोत्याबरोबर अंड्यांच्या रूपात घरात आलेल्यांचीच पुढची पिढी असणार. कडुनिंबाचा पाला बाहेरून येणाऱ्याला थोडा लांब ठेवील, पण दाण्याच्या आत बसलेल्याचं काही करत नाही. पाला ओला घातला तर वर ओल वाढते ती वेगळीच. सावलीत कुरकुरीत वाळवूनच घालायचा.

तांदूळ कडक उन्हात टाकला नाही, कारण त्याचे तुकडे होतात. सावलीत चादरीवर पातळ पसरला, किडे उजेडापासून पळून कडेला गेले, मग चाळला. महिनाभराचा तांदूळ दोन-दोन किलोच्या पिशव्यांत करून पाळीपाळीने आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवला. उणे 18 अंशांना चार दिवसांत अंडीही मरतात, आठवडा ठेवायचा तो पिशवीच्या मधोमध थंडी पोचायला आणि घरचा फ्रीझर सारखा उघडतो म्हणून. पिशवी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, चटणीचाच नियम. उरलेलं पोतं जमिनीवरून उचलून विटांवरच्या फळीवर आलं, भिंतीपासून हातभर लांब.

तूरडाळीला किलोमागे 5 मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, शेंगतेल दोन्ही तळहातांनी चोळायचं. गुळगुळीत झालेल्या दाण्यावर भुंग्याची अंडी नीट चिकटत नाहीत. हे काम डाळ भरताना, कोरड्या हवेत. जुलैत केलं तर तेल आधीच शिरलेल्या अळीला काही करत नाही, म्हणून या घरात डाळ आधी चाळून फ्रीझरमध्ये गेली आणि तेल नंतर लागलं.

ज्वारी ठीक होती, पीठ नव्हतं. पंधरा दिवसांचं पीठ एकदम दळून आणलेलं. दळल्यावर अंकुरातलं तेल हवेला उघडं पडतं, पीठ कडू होतं आणि विरी (पिठाचा चिकटपणा) जाऊन भाकरी थापताना तुटते. आठ दिवसांपुरतंच दळावं, बाजरी असेल तर त्याहून कमी. बस, इतकंच.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात, कारण याच घराला शेजाऱ्यांनी त्या सुचवल्या होत्या. तांदळाला किंवा डाळीला बोरिक पावडर चोळू नये. धुतल्यावर ती सगळी निघून जाईल याची खात्री नाही आणि खाण्यात तिला जागा नाही. आणि धान्यात टाकायची ‘गोळी’, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरात आणूच नये. दमट हवेत तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो मारू शकतो आणि त्यावर उतारा नाही. पाऱ्याच्या गोळ्यांनाही हेच लागू: पारा अन्नाच्या डब्यात नको.

फ्रिज

फ्रिज म्हातारा होता, पण मेलेला नव्हता. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावलं आणि ओढली, खालच्या कोपऱ्यात ती अलगद निसटली. रबर कोमट साबणपाण्याने पुसलं, घड्या काढल्या. तरी निसटत राहिली म्हणून रबर बदललं. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभराने वाचलं तेव्हा मधल्या फळीवर 9 अंश होते. असायला हवेत 4 ते 5. फ्रीझरमधला बोटभर बर्फाचा थर वितळवला, मागची बाजू भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आणि बटण वाढवलं. दुसऱ्या दिवशी 5 अंश. दूध दारातल्या कप्प्यातून मधल्या फळीवर आलं, दार ही फ्रिजमधली सगळ्यात गरम जागा.

कपिलतीर्थ मंडईत पावसाळ्यात कोथिंबीर येते तीच भिजलेली आणि चिखलाची. ती धुऊन डब्यात ठेवली की कुजणारच. जुडी सोडून मुळं आणि पिवळी पानं काढायची, सुती पंचावर पंख्याखाली तासभर पसरायची, मग कोरड्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात. फडकं दर दोन दिवसांनी बदलायचं. धुवायची वापरायच्या वेळी. वर्तमानपत्र वापरू नये, शाई ओल्या पानांना लागते. हिरवी मिरची देठ काढून, तीही कोरड्या फडक्यात. अशी कोथिंबीर आठवडाभर सहज पुरते.

रविवारचा रस्सा

मटणाचा बेत झाला की मोठ्या पातेल्यातला उरलेला तांबडा आणि पांढरा रस्सा ओट्यावर झाकून रात्रभर राहायचा. ‘उकळला की काही होत नाही’ असा घरात समज. उकळीने जिवंत जंतू मरतात, पण काही जंतूंचे बीजाणू उकळीतही तगतात. पातेलं तासन्‌तास कोमट राहिलं की ते जागे होऊन वाढतात, आणि त्यांतल्या काहींनी सोडलेलं विष पुन्हा उकळून जात नाही. भाताचंही हेच.

पांढरा रस्सा आधी बिघडतो, कारण त्यात नारळाचं दूध असतं. म्हणून उरण्याची शक्यता असेल तर रस्सा उरवूच नये, अळणी (मटण शिजवलेलं, वाटण न घातलेलं पाणी) उरवावं. नारळाचं दूध आणि वाटण घालण्याआधी लागेल तेवढं अळणी बाजूला काढायचं. ते पसरट पातेल्यात, दोन-तीन इंचांपेक्षा खोल नाही असं ओतून, पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवायचं, पाणी दोनदा बदलायचं. अर्ध्या-पाऊण तासात ते कोमट होतं, मग झाकून फ्रिजमध्ये. चूल बंद केल्यापासून फ्रिजपर्यंत दोन तासांच्या आत. दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून त्यावर ताजा रस्सा. दोन दिवसांपलीकडे ठेवायचं असेल तर फ्रीझर. दुधालाही हीच परात: तापवलं की पाण्यात बसवून गार करायचं आणि आत टाकायचं. ओट्यावर निवायला ठेवून रात्री विसरायचं नाही.

जे सोडून दिलं

भाजी ताजी राहावी म्हणून कुंभाराकडून आणलेला दुहेरी माठ, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं, हा प्रयोग घरात उन्हाळ्यात छान चालला होता. पाण्याची वाफ होताना आतली उष्णता जाते. जुलैत वाफच होत नाही, हवेत जागा नसते. आतली भेंडी थंड तर झाली नाहीच, बुळबुळीत मात्र झाली. माठ आता होळीनंतर काढायचा आणि मृगाला वाळू काढून, वाळवून पालथा ठेवायचा.

मिठाच्या डब्यात तांदळाचे दाणे टाकायची युक्तीही या हवेत पुरत नाही. त्याऐवजी रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी कापडी थैलीत शिवून पापड-कुरडयांच्या डब्यात ठेवली. नारिंगी जेल हिरवट झालं की ओल भरली. ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर तास-दीड तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं. खाण्याच्या वस्तूला थेट लावायचं नाही, आणि डबा बादलीच्या परीक्षेत नापास असेल तर जेल दोन दिवसांत भरून जातं.

गौरी-गणपतीपर्यंत चटणीच्या तीन बाटल्या संपल्या, एकीलाही बुरशी नव्हती. गूळ कोरडा होता. तांदळात पुन्हा चार-दोन किडे दिसले, तेही फ्रीझरमध्ये न गेलेल्या पोत्यातच. पश्चिमेच्या भिंतीवर मात्र आतून काही केलेलं टिकलं नाही. तिला बाहेरून गिलावा आणि वर पागोळीचं पाणी लांब टाकणारा पत्रा लागेल, आणि ते काम पाऊस थांबून भिंत वाळल्यावर, दिवाळीनंतरच होईल. तोवर फडताळात फक्त भांडी.